वाचकांचे प्रश्न : ताणाचे आजार, गोळ्या आणि गोळ्यांपलीकडचे उपचार

ताणामुळे होणाऱ्या मानसिक आजारांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आहे : "गोळ्या घ्यायच्या, की गोळ्यांशिवाय बरे व्हायचे?" प्रश्न असा मांडला की दोन तट पडतात आणि आधीच थकलेल्या रुग्णाला त्यांतला एक निवडावा लागतो. आजार कोणता आहे, तो कितपत मुरला आहे, आणि आपण देत असलेला उपचार रुग्णाला त्याने टाळलेल्या गोष्टीकडे परत न्यायला मदत करतो की ती टाळत राहायला, हे पाहून मी निर्णय घेतो. पुढची पत्रे त्याच दृष्टीने निवडली आहेत. ती संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत. इथली उत्तरे म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. कोणतेही औषध सुरू करणे, बदलणे वा थांबवणे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावे.

प्रश्न : माझे वय ४१. कार्यालयात नवे वरिष्ठ आले, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, छाती धडधडते, रात्री तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. हृदयाच्या सर्व तपासण्या ठीक आल्या. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत, खंबीर हो." हा आजार आहे का? गोळ्या लागतील का?

उत्तर : हे मनाचे खेळ नाहीत, हे आधी घरच्यांना वाचून दाखवा. धोका दिसला की लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर कसे सज्ज होते, याचे वर्णन वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये केले. ॲड्रिनलिन वाढते, हृदय जोराने धावते, आतड्यांकडचे रक्त स्नायूंकडे वळते. 'पोटात गोळा येणे' हा आपला वाक्प्रचार म्हणजे शरीरात खरोखर घडणाऱ्या गोष्टीची नोंद आहे. अडचण एवढीच, की ही सज्जता काही मिनिटांच्या संकटासाठी असते आणि आपले संकट रोज सकाळी समोरच्या खुर्चीत येऊन बसते.

आपण लिहिलेल्या लक्षणांवरून हा समायोजन विकार, म्हणजे बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेताना जडणारा आजार, असावा असे वाटते; पक्के निदान प्रत्यक्ष भेटीतच होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या विकाराला ताणाशी थेट निगडित आजारांच्या गटात ठेवले आहे. तो बहुधा कारण घडल्यापासून महिन्याभरात सुरू होतो आणि कारण दूर झाले तर साधारण सहा महिन्यांत ओसरतो. या विकारावर म्हणून खात्रीने लागू पडेल असे औषध आज तरी नाही, म्हणून पहिल्या भेटीत मी गोळी लिहून देण्याची घाई करत नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतो, कारण थायरॉईडचा स्राव वाढला तरी अशीच धडधड होते, आणि दिवसभरात चहाकॉफी किती होते हेही विचारतो.

यानंतरचे काम कागदावर करायचे असते. त्रास देणारी गोष्ट इतकी नेमकी लिहायची, की तिच्यावर काही करता यावे. "वरिष्ठ मला छळतात" या वाक्याचे काहीच करता येत नाही. "शुक्रवारी संध्याकाळी सांगितलेले काम सोमवारी सकाळी नऊला मागतात" या वाक्याचे मात्र करता येते : मुदत लेखी मागता येते, काम वाटून घेता येते, कोणते आधी हवे हे शुक्रवारीच विचारता येते. सुचतील ते सर्व मार्ग लिहायचे, त्यांतला एक निवडायचा, आठवडाभर करून पाहायचा आणि काय झाले ते पुन्हा लिहायचे. समस्या-निराकरण नावाची ही पद्धत दिसायला साधी आहे, पण प्रशिक्षित समुपदेशकासोबत पाचसहा बैठका केल्या तर रविवारची संध्याकाळ हलकी होताना मी अनेकदा पाहिले आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. सलग दोन आठवडे मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, भूक गेली, आपण निरुपयोगी आहोत किंवा जगू नये असे वाटू लागले, तर प्रकरण नैराश्याकडे गेले आहे असे समजावे आणि मनोविकारतज्ज्ञांना लगेच भेटावे. तिथे गोळ्यांना निश्चित स्थान आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला. शेजारी बसलेली बहीण जबर जखमी झाली. ती आता बरी आहे. मला मात्र आजही स्वप्नात तो आवाज येतो. गाडी चालवणे सोडाच, पुढच्या आसनावर बसणेही जमत नाही. दीड वर्षापासून अल्प्राझोलाम घेते. आधी एका गोळीत भागायचे, आता दोन लागतात. मानसशास्त्रज्ञ म्हणतात, त्या प्रसंगाला हळूहळू सामोरे जावे लागेल. नुसत्या कल्पनेने हातपाय गळतात. जाताना गोळी घेऊन गेले तर चालेल का?

उत्तर : ताई, आपला शेवटचा प्रश्न या आजाराच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

आपण वर्णन केलेला त्रास आघातोत्तर ताण विकाराशी जुळतो. या निदानाला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये स्थान मिळाले. भीतीदायक प्रसंगानंतर पहिले काही आठवडे स्वप्ने पडणे, दचकणे, ती जागा टाळणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे आपोआप निवळते. ज्यांचे निवळत नाही त्यांच्यात एक गोष्ट ठळक दिसते : टाळणे. गाडी टाळली की त्या क्षणी सुटका वाटते आणि सुटकेचा हा अनुभव मेंदूला शिकवतो की टाळले म्हणून वाचलो. आधी ती गाडी टळते, मग तो रस्ता, मग पुढचे आसन, मग अपघाताविषयीचे बोलणे. आजार असा पाय पसरत जातो.

म्हणून आघातकेंद्रित मानसोपचाराला आज पहिली पसंती आहे. त्यातल्या दीर्घ सामोरेपणाच्या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका होतात. सुरुवातीला आपण आणि उपचारक मिळून भीतीची उतरंड लिहिता आणि प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर असा आकडा देता. माझ्या एका रुग्णाची पहिली पायरी बंद, उभ्या गाडीच्या मागच्या आसनावर दार उघडे ठेवून बसण्याची होती. त्याने तिला ६० गुण दिले होते. दहाव्या मिनिटाला आकडा ७० झाला, तळहात ओले झाले, पण तो उतरला नाही. चाळिसाव्या मिनिटाला आकडा ३० वर आला. तीच पायरी त्याने आठवडाभर रोज केली, मग दार लावले, मग तो पुढे बसला, मग गाडी सुरू केली. सोबत बैठकांमध्ये तो अपघात वर्तमानकाळात, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा सांगत होता. या प्रक्रियेत जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी "मी इथे बसलो आणि काही झाले नाही" अशी नवी आठवण तयार होते आणि हळूहळू तिचे पारडे जड होते. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ पासून विकसित केलेली, डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी पद्धतही या आजारात गुणकारी आहे. त्या हालचालींचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

आता गोळीविषयी. अल्प्राझोलाम ही बेन्झोडायझेपिन गटातली आहे. या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. मेंदूतील 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचा प्रभाव ही औषधे वाढवतात. अर्ध्याएक तासात धडधड उतरते, म्हणून ती हवीहवीशी वाटतात. पण सामोरे जाण्याचा उपचार म्हणजे शिकणे, आणि ज्या मेंदूने शिकायचे तोच गोळीने मंद झालेला असतो. शिवाय गाडीत बसून काही झाले नाही, तर श्रेय गोळीला जाते. मेंदू शिकतो ते एवढेच, की गोळी होती म्हणून वाचलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या आघाताच्या लक्षणांसाठी वा झोपेसाठीही ही औषधे देऊ नयेत असे सांगितले आहे.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पर्समध्ये गोळीची पट्टी असल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत. मी ती पाहायला मागितली. कडा झिजल्या होत्या, एका कप्प्यात गोळीचा भुगा झाला होता आणि मुदत संपून दोन वर्षे उलटली होती. या दोन वर्षांत त्यांनी एकही गोळी घेतली नव्हती, आणि तरीही ती पट्टी विसरली म्हणून त्या एकदा अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या. खिशातली गोळी न घेताही टाळण्याचे साधन होते, ते असे. त्यांच्या उतरंडीतली शेवटची पायरी पर्स घरी ठेवून बाहेर पडण्याची होती.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर : पायऱ्या चढताना गोळी घेऊ नये, सोबतही नेऊ नये, असेच अंतिम ध्येय ठेवावे. पण कृपा करून हे वाचून आज रात्रीची गोळी बंद करू नका. दीड वर्ष घेतलेले हे औषध एकदम थांबवल्यास तीव्र अस्वस्थता, निद्रानाश, थरथर आणि प्रसंगी आकडी येऊ शकते. मात्रा साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी, चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के इतक्या बेताने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी लागते. त्याला कित्येक महिने लागतील आणि लागू द्यावेत. अल्प्राझोलामचा अंमल लवकर ओसरत असल्याने दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत जी अस्वस्थता येते, ती आजार बळावल्याची खूण समजली जाते आणि गोळी वाढते. आपली एकाची दोन कदाचित अशीच झाली असेल. हा आपला दोष नाही. सवय लागण्याचा धोका आपल्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता.

औषधाचा आधार लागलाच तर सर्ट्रॅलिन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन यांचा या आजारात उपयोग होतो. ती भीती बधिर करत नाहीत. तिची धार थोडी कमी करतात, त्यामुळे ती मानसोपचाराबरोबर चालतात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. काही रुग्णांना ते लागू पडते, पण २०१८ मध्ये माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

प्रश्न : चिंताविकारासाठी दहा दिवसांपूर्वी एस्सिटॅलोप्रॅम सुरू झाले. मळमळते, डोके दुखते, उलट बेचैनी वाढली आहे. मित्र म्हणतो, "याची सवय लागते, वेळीच सोड." सोडू का?

उत्तर : सोडू नका, पण बेचैनी वाढल्याचे डॉक्टरांना आजच कळवा. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवणाऱ्या या गटातल्या औषधांची रीत उलटी आहे : त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी आणि अस्वस्थता पहिल्या एकदोन आठवड्यांत असते व बहुधा कमी होते. चिंता उतरायला दोन ते सहा आठवडे लागतात. कमी मात्रेने सुरुवात करून हा काळ सुसह्य करता येतो. मला वाटते, हे औषध अर्ध्यात सोडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमके चुकीच्या वेळी सोडलेले असते.

मित्राने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या आहेत. मात्रा वाढवत नेण्याची ओढ या औषधाने लागत नाही. मात्र अनेक महिने घेतलेली गोळी एकाएकी थांबवली तर चक्कर येणे, चिडचिड होणे, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे हे होते. पॅरॉक्सेटिनमध्ये ते अधिक आणि फ्लुओक्सेटिनमध्ये सर्वांत कमी. म्हणून पूर्ण बरे वाटू लागल्यावरही उपचार सहा ते बारा महिने चालू ठेवायचा आणि मग टप्प्याटप्प्याने कमी करायचा.

संकोचामुळे न बोलला जाणारा एक त्रास इथे लिहितो. या औषधांनी कामेच्छा कमी होणे वा समागमात अडचण येणे हे बऱ्याच जणांना होते आणि ते आपोआप जाईलच असे नाही. मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघतो, पण त्यासाठी ते सांगावे लागते. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वरचेवर घेत असाल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडॉल या वेदनाशामकासोबत सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. त्यामुळे दुसरे कोणतेही औषध घेताना, मग ते वनौषधी म्हणून विकले जात असले तरी, आधी विचारावे.

प्रश्न : भाषणापूर्वी हात थरथरतात म्हणून सहकाऱ्याने त्याच्याजवळची प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली. प्रसंगापुरती घ्यावी का?

उत्तर : दुसऱ्याची गोळी घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉल थरथर आणि धडधड कमी करते. मनातली चिंता ते फारसे हलवत नाही. दमा असणाऱ्याला त्याने श्वास कोंडण्याइतका त्रास होऊ शकतो आणि नाडी मुळात मंद असेल तर ती आणखी मंदावते. वर्षातून एखाददुसऱ्या सभेपुरते डॉक्टरांनी तपासून दिले तर हरकत नाही. दर आठवड्याला बोलावे लागत असेल, तर लहान गटापासून सुरू करून बोलण्याचा सरावच करावा.

प्रश्न : गोळ्यांऐवजी ध्यान, दीर्घश्वसन आणि चालणे एवढ्यावर चिंताविकार बरा होईल का?

उत्तर : सौम्य ते मध्यम आजारात होऊ शकतो, पण 'एवढ्यावर' हा शब्द काढून टाका. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला सजगतेचा, म्हणजे ध्यानावर आधारलेला, अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंताविकाराच्या रुग्णांपैकी काहींना हा अभ्यासक्रम आणि काहींना एस्सिटॅलोप्रॅम दिले. आठ आठवड्यांनंतर अभ्यासक्रम औषधापेक्षा कमी ठरला नाही. पण त्या रुग्णांनी दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग केला होता आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव त्यांना नेमून दिलेला होता. गोळीला जशी मात्रा असते तशी ध्यानालाही असते. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे बसून "ध्यान केले, उपयोग झाला नाही" असे म्हणणे म्हणजे पाव गोळी घेऊन औषधाला नावे ठेवण्यासारखे आहे.

दीर्घश्वसन मिनिटाला साधारण सहा श्वास इतके संथ असावे आणि ते शांत वेळी शिकावे, म्हणजे अडचणीच्या वेळी जमते. मात्र गर्दीत जायची भीती वाटते म्हणून घरीच ध्यानाला बसणे हेही टाळणेच आहे. आघाताचा इतिहास असेल तर मिटल्या डोळ्यांसमोर तो प्रसंग उसळून येऊ शकतो. अशा वेळी एकट्याने न करता उपचारकाच्या सोबतीने करावे.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी आई गेली. वडील ७२ वर्षांचे आहेत. तिचे कपडे कपाटातून काढू देत नाहीत, संध्याकाळी रडतात, रात्री झोपत नाहीत. नातेवाईक म्हणतात, झोपेची गोळी द्या, मन शांत होईल.

उत्तर : आपले वडील दुःखात आहेत आणि त्या दुःखाला चारच महिने झाले आहेत. अकराव्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोक विकार हे निदान आहे. पण त्यासाठी किमान सहा महिने लोटलेले असावे लागतात आणि शोक त्या समाजाच्या रीतिरिवाजांपेक्षा स्पष्टपणे अधिक तीव्र व दैनंदिन जीवन ठप्प करणारा असावा लागतो. ते आईविषयी बोलतात का, जेवतात का, एखाद्या दिवशी हसतात का, हे पाहा. कपडे राहू द्या.

या वयात झोपेच्या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो, विस्मरण वाढते. झोपेसाठी त्यांना सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवायला सांगा, मग रात्र कशीही गेलेली असो. दुपारची झोप टाळावी. अंथरुणात वीसएक मिनिटे झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाले तरच परतावे. पहिला आठवडा कठीण जातो; तेव्हा आपण त्यांच्याजवळ जागे राहिलात तर फार बरे.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीला परीक्षेच्या ताणातून नैराश्य आले. कालपासून गोळ्या सुरू झाल्या. मी काय पाहावे?

उत्तर : २५ वर्षांखालील मुलांमध्ये नैराश्यावरची ही औषधे सुरू करताना आणि मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकन औषध प्रशासनाने असा इशारा २००४ मध्ये मुले व किशोरवयीनांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही, कारण उपचार न मिळालेले नैराश्यही जीवावर बेतते. पहिले काही आठवडे तिची दर आठवड्याला तपासणी होईल असे पाहा आणि औषधांचा साठा आपल्याकडे ठेवा.

ती एका जागी बसू शकत नाही, झोप एकदम उडाली आहे, नेहमीपेक्षा चिडते आहे, किंवा कारण नसताना फार उत्साहात आहे आणि अखंड बोलते आहे, असे दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि तिला सरळ विचारा : "बाळा, जगू नये असे वाटते का?" असे विचारल्याने तो विचार तिच्या मनात पेरला जाईल ही भीती निराधार आहे, बहुतेक मुलांना कोणीतरी विचारले म्हणून हायसे वाटते. उत्तर 'हो' आले तर रागावू नका, समजावत बसू नका. तिच्याजवळ बसा, तिला एकटी सोडू नका आणि त्याच रात्री तिला रुग्णालयात न्या.